'श्यामची आई' वर्गात वाचताना : बेचाळीस रात्री, सहा आठवडे

साने गुरुजींची 'श्यामची आई' शाळेत असते, पण वाचली जाते क्वचितच. २४ डिसेंबरला जयंतीच्या निमित्ताने एखादा उतारा होतो, कुणीतरी भाषण पाठ करून येते, आणि 'आईचे संस्कार' या मथळ्याखाली फळ्यावर सहा-सात सुविचार उमटतात. पुस्तक न उघडताही मुलांना एवढे जमते. अडचण मुळात तिथेच आहे. या पुस्तकात बोध इतका उघड मांडलेला आहे की तो उचलून घ्यायला वाचावेच लागत नाही. म्हणून वर्गात बोधाचा प्रश्न शेवटपर्यंत विचारूच नये. आधी विचारावे : हे कोण सांगतो आहे, कधी सांगतो आहे, आणि त्या वेळी घरात पैसे किती होते?

पुढची आखणी इयत्ता सातवी ते नववीसाठी आहे. आठवड्याला ४ तासिका, तासिका ३५ ते ४० मिनिटांची, म्हणजे एकूण २४ तासिका. पाचवी-सहावीत हीच आखणी वापरायची असेल, तर कर्जाचा भाग अर्धा करावा आणि शेवटच्या आजाराच्या रात्री (पुस्तकातल्या प्रत्येक प्रकरणाला 'रात्र' म्हटले आहे) सोडून द्याव्यात.

पुस्तकाची प्रत

साने गुरुजींचे निधन ११ जून १९५० रोजी झाले. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे १ जानेवारी २०११ पासून मूळ मजकूर सर्वांना खुला आहे. त्यातल्या हव्या त्या रात्री, म्हणजे प्रकरणे, छापून वाटायला हरकत नाही. मात्र एखाद्या आवृत्तीतली नवी प्रस्तावना, चित्रे किंवा संक्षेप यांवर त्या त्या लोकांचा हक्क असू शकतो, म्हणून झेरॉक्स मूळ मजकुराचीच काढावी.

हक्क खुला झाल्याचा एक तोटाही आहे. बाजारात अनेक प्रकाशकांच्या प्रती आहेत आणि प्रत्येकीचे पान वेगळे. वर्गात 'पान ६४ काढा' म्हटले की दहा मिनिटे गोंधळात जातात. संदर्भ कायम रात्रीच्या क्रमांकाने द्यावा आणि मुलांना प्रत्येक रात्रीच्या परिच्छेदांना पेन्सिलीने आकडे घालायला सांगावे. प्रत घेताना अनुक्रमणिका पाहावी. सुरुवातीचा 'प्रारंभ' आणि त्यानंतर ४२ रात्री असतील तर प्रत पूर्ण आहे. कमी असतील तर ती संक्षिप्त आवृत्ती आहे. अशा आवृत्त्यांत पहिली कात्री लागते ती रात्रीच्या सुरुवातीला येणाऱ्या आश्रमातल्या गप्पांना, आणि आपल्याला तर त्याच हव्या आहेत. चार मुलांमागे एक प्रत असली तरी काम चालते.

कोणत्या रात्री घ्यायच्या

सगळ्या ४२ रात्री वर्गात होत नाहीत आणि तसा आग्रहही धरू नये. पंधरा पुरतात. निवड करताना दोन धागे डोळ्यांपुढे ठेवावेत. पहिला धागा आई आणि मुलगा यांचा : सावित्री-व्रत (१), मुकी फुले (३), पत्रावळ (७), मोरी गाय (९), श्यामचे पोहणे (१२), स्वाभिमान-रक्षण (१३), अळणी भाजी (१८), देवाला सारी प्रिय (२५), मोठा होण्यासाठी चोरी (२९). दुसरा धागा घर खचत जाण्याचा : पर्णकुटी (१०), आनंदाची दिवाळी (२२), कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक (३२), तेल आहे, तर मीठ नाही (३६), अब्रूचे धिंडवडे (३७), भस्ममय मूर्ती (४१).

यांतल्या १, ३, १२, १८, २५, ३२, ३७ आणि ४१ या आठ रात्री वर्गात मोठ्याने वाचाव्यात. उरलेल्या सात मुलांनी घरी वाचायच्या. मध्यम लांबीची रात्र मोठ्याने वाचायला साधारण १५ ते २५ मिनिटे लागतात, म्हणजे त्याच तासिकेत दहा-पंधरा मिनिटे बोलायला उरतात. मोठी रात्र सलग वाचायच्या फंदात पडू नये, दोन तासिकांत तोडावी. घरी वाचायच्या रात्रींसाठी प्रश्नपत्रिका देऊ नये, कारण मुले उत्तरे हुडकतात आणि बाकीचे सोडून देतात. त्याऐवजी वहीत तीन ओळी मागाव्यात : न कळलेला एक शब्द, न पटलेली एक गोष्ट आणि कुणाला तरी वाचून दाखवावेसे वाटलेले एक वाक्य.

पहिली तासिका

लेखकाच्या जीवनपटाने सुरुवात करू नये. मुलांना आधीच सांगितले की लेखक थोर होते, तर श्यामच्या प्रत्येक खोडीकडे ती थोरपणाची पहिली पायरी म्हणून पाहतात. सुरुवात बाराव्या रात्रीने करावी. पोहायला जायचे म्हणून घाबरलेला, माळ्यावर लपलेला, शिंपटीचा मार खाऊन विहिरीवर गेलेला श्याम कोणत्याही वर्गाला पहिल्या पाच मिनिटांत ओळखीचा वाटतो. पहिल्या रात्रीचे तसे नाही. आजारी आईच्या वतीने वडाला प्रदक्षिणा घालणारा आणि मुले हसतील म्हणून लाजणारा श्याम कळायला व्रत म्हणजे काय, ते आईला स्वतः का करता येत नाही, एवढे तरी समजावे लागते. ती रात्र दुसऱ्या आठवड्यात घ्यावी.

बाराव्या रात्रीनंतरचे प्रश्न नेमके असावेत. 'यातून आईने काय शिकवले?' हा प्रश्न टाळावा. त्याऐवजी : श्यामला नेमकी कशाची भीती वाटत होती, पाण्याची की हसण्याची? आई मारते तेव्हा तिच्या डोक्यात गावातले लोक आहेत की श्याम? पोहून आल्यावर दही देण्याचा प्रसंग काढून टाकला तर गोष्टीचे काय होईल? शेवटच्या प्रश्नावर वर्गात हटकून दोन तट पडतात. पडू द्यावेत.

याच रात्रीत मारही येतो, आणि त्याला वळसा घालून जाता येत नाही. शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार शाळेत शारीरिक शिक्षेला बंदी आहे, हे स्पष्ट सांगावे. 'पूर्वी मारत असत म्हणून मुले घडली' असे विधान शिक्षकाच्या तोंडून जाऊ नये. गोष्टीतला मार समजून घेणे वेगळे, त्याची भलामण करणे वेगळे. मुलांना ही सीमारेषा मोठ्यांपेक्षा लवकर दिसते.

तीन आवाज, तीन रंग

दुसऱ्या आठवड्यातला हा सराव सगळ्या आखणीचा कणा आहे. पुस्तकात तीन थर आहेत. आश्रमात प्रार्थनेनंतर मित्र जमतात, श्याम बोलू लागतो, हे सांगणारा एक निवेदक आहे. त्याच्या आत गोष्ट सांगणारा मोठा श्याम आहे. त्याच्याही आत लहान श्याम आहे, जो हट्ट करतो, लपतो, चोरी करतो.

पहिल्या रात्रीची दोन पाने छापून द्यावीत. निवेदकाच्या वाक्यांखाली हिरवी रेघ, मोठ्या श्यामच्या वाक्यांखाली निळी, आणि लहान श्याम बोलतो किंवा त्याला त्या क्षणी जे वाटले तिथे लाल. वेळ २० मिनिटे, काम जोडीने. निळा आणि लाल यांत मुले अडतात, कारण दोन्हीकडे 'मी'च आहे. ओळखण्याची खूण सोपी आहे : हे वाक्य लहान श्यामला त्या दिवशी म्हणता आले असते का? नसेल, तर ते निळे. उपदेशाची जवळपास सगळी वाक्ये निळ्या रंगात जातात, हे मुलांच्या स्वतःच्या लक्षात येते. लहानपणी श्यामने हे सगळे ऐकले नव्हते, निदान असे ऐकले नव्हते. आई गेल्यावर त्याने ते जोडले. पुस्तकातल्या रडण्यावर 'फार रडवे आहे' असा शेरा आठवी-नववीची मुले हमखास मारतात, आणि तो शेरा चुकीचा म्हणून दडपू नये. रंगांचा कागद पुढे ठेवून विचारावे की रडतो आहे तो कोणता श्याम. बहुतेक वेळा निळा.

शब्द आणि वस्तू

ओटी, पडवी, माजघर, न्हाणी, सोवळे-ओवळे, लुगडे, खोत, दवंडी, जप्ती हे शब्द अनेक मुलांना नवे असतात. पण शब्दार्थांची यादी आधी पाठ करवून घेतली तर वाचन सुरू होण्याआधीच संपते. वर्गाच्या भिंतीवर एक मोठा कागद लावावा आणि शब्द येईल तसा त्यावर चढवावा. घराचे भाग सांगायला कोकणातल्या कौलारू घराचा साधा नकाशा फळ्यावर काढणे पुरते.

एक शब्द मात्र नीट समजावून सांगावा : खोत. कोकणात गावाचा सारा गोळा करून सरकारात भरण्याचा वंशपरंपरागत हक्क खोताकडे असे. साने घराणे खोतांचे होते. त्यामुळे श्यामचे घर मुळातच दरिद्री होते असे नाही, ते वरून खाली आले. मुलांना हे ठाऊक नसले तर अब्रूचा एवढा घोर का, ते कळत नाही. खोती कायद्याने रद्द झाली ती मुंबई राज्याच्या १९४९ च्या कायद्याने.

सातव्या रात्रीला जोडून पत्रावळ लावायला घ्यावी. एक तासिका, वड किंवा पळसाची पाने आणि बांबूच्या बारीक चोया एवढेच लागते. पाने नुकती तोडलेली असतील तर ताठ राहून उसळतात, पूर्ण वाळलेली असतील तर टाका घालताच फाटतात. थोडी मऊ पडलेली पाने घ्यावीत. मध्ये एक मोठे पान, भोवती बाकीची, प्रत्येक पान शेजारच्यावर चढलेले. चोयेचा तुकडा लांब राहिला तर टोक वर येऊन जेवताना बोटाला लागते. वर्गातल्या निम्म्या पत्रावळी गळक्या होतात. श्यामला न आल्याबद्दल बोलणी का बसली आणि ती त्याला का झोंबली, याची चर्चा त्या गळक्या पत्रावळी हातात असतानाच करावी.

कर्जाचा तक्ता

माझ्या मते या कादंबरीचा सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे तिचा पैसा. गटाने पाच-पाच मुलांनी मिळून हा तक्ता तीन आठवडे चालवायचा. रकाने पाच : रात्रीचा क्रमांक, घरात काय होते, काय गेले किंवा विकले, पैसे कुठून आले, आणि ते दुःख कुणी कुणापासून लपवले. शेवटचा रकाना काढू नये, खरे वाचन त्यातच होते.

दहाव्या रात्री एकत्र कुटुंबातून बाहेर पडून गवताने शाकारलेले घर. बाविसाव्या रात्री भाऊबिजेच्या पैशांतून आई स्वतःसाठी काही न घेता वडिलांसाठी धोतर आणवते. बत्तिसाव्या रात्री वसुलीला आलेला माणूस दारात तोंड टाकतो. छत्तिसाव्या रात्री शीर्षकातच सगळे आले. सदतिसाव्या रात्री जप्ती आणि दवंडी. एवढे एका कागदावर उतरले की आईचे आजारपण अचानक कोसळलेले संकट राहत नाही, त्याची चाहूल आधीच्या वीस रात्रींत होती हे दिसते.

जुने नाणे समजावे लागते. एक रुपया म्हणजे १६ आणे, एक आणा म्हणजे ४ पैसे, एक पैसा म्हणजे ३ पै. आजच्या रुपयांत रूपांतर करायला लावू नये, त्यातून खोटे आकडे निघतात. त्याच पुस्तकात त्याच पैशांत काय मिळत होते, एवढेच शोधायला सांगावे.

एक काळजी घ्यावी. वर्गात अशी मुले असू शकतात ज्यांच्या घरी आज वसुलीला माणूस येतो. 'तुमच्या घरी कधी असे झाले का?' हा प्रश्न तोंडी कधीही विचारू नये, लेखी ऐच्छिकही नको. बत्तीस आणि सदतीस या रात्रींच्या आदल्या दिवशी विषय काय आहे ते वर्गाला सांगून ठेवावे. एकेचाळिसाव्या रात्रीच्या आधी, ज्या मुलाची आई नाही त्याच्याशी एकट्याने बोलावे आणि त्या तासिकेला ग्रंथालयात बसायची मोकळीक द्यावी.

पंचविसावी रात्र

'देवाला सारी प्रिय' या रात्रीत अस्पृश्य मानल्या गेलेल्या एका म्हातारीची मोळी उचलून द्यायला आई श्यामला सांगते. या रात्रीचे नाट्यीकरण करू नये. पात्रे वाटताना त्या म्हातारीची भूमिका कुणाच्या वाट्याला येते आणि त्यावर मधल्या सुट्टीत काय बोलले जाते, ते शिक्षकाच्या हाती राहत नाही. शिक्षकाने स्वतः वाचावे. जातिवाचक शब्द येतील तिथे हा त्या काळचा शब्द आहे आणि आपण तो कुणालाही उद्देशून वापरत नाही, असे एकदा सांगून पुढे जावे.

नंतर मुलांनी दोन प्रकारची वाक्ये शोधायची : आई रूढी मोडते ती, आणि रूढीला सांभाळून घेते ती. आईला पूर्ण पुरोगामी ठरवण्याची घाई नको. तिच्या मर्यादेसकट ती अधिक खरी वाटते. शिवाय ही रात्र १९३३ साली लिहिली गेली आणि तिच्या लेखकाने मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले. हा दुवा पाचव्या आठवड्यासाठी राखून ठेवावा.

लेखक : पाचवा आठवडा

आता जीवनपट. पांडुरंग सदाशिव साने, जन्म २४ डिसेंबर १८९९, पालगड, दापोली तालुका. आई यशोदाबाई १९१७ मध्ये गेल्या. १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक, छात्रालयाचे काम, तिथे मुलांसाठी हाताने लिहिलेले 'छात्रालय दैनिक'. १९३० मध्ये नोकरी सोडून सविनय कायदेभंगात. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचने त्यांनी टिपून घेतली. नाशिकच्या तुरुंगात ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत 'श्यामची आई' लिहिली, ती छापली गेली १९३५ मध्ये. १५ ऑगस्ट १९४८ रोजी 'साधना' साप्ताहिक.

या तारखा पाठ करवून घेण्यात अर्थ नाही. त्यांची वजाबाकी करायला लावावी. आई जाऊन लिहिण्यापर्यंत किती वर्षे झाली? सोळा. लिहिताना वय किती? तेहतीस. कुठे बसून लिहिले? तुरुंगात. आधी कुणाला गोष्टी सांगायची सवय होती? छात्रालयातल्या मुलांना. मग निळ्या रंगाचा कागद पुन्हा काढावा. मोठ्या श्यामचा आवाज असा का, याची उत्तरे मुले स्वतः देतात.

त्यानंतर दोन रकान्यांचा तपास : 'पुस्तकात आहे' आणि 'चरित्रात आहे'. जुळणाऱ्या गोष्टी, न जुळणाऱ्या गोष्टी, आणि जिथे सांगताच येत नाही त्या. श्याम म्हणजे साने गुरुजीच, असे ठोकून देणारी मुले इथे थबकतात. एखादी माहिती जीवनपटात घ्यायची तर ती दोन वेगळ्या ठिकाणी सापडली पाहिजे, हा नियम ठेवावा. नाहीतर इंटरनेटवरून आलेली सुभाषिते साने गुरुजींच्या नावावर खपतात. महाराष्ट्राचा नकाशा घेऊन पालगड, अमळनेर, धुळे, नाशिक, पंढरपूर ही ठिकाणे खुणावली तर 'कोकणातला लेखक' हे अर्धवट चित्रही दुरुस्त होते, कारण त्यांच्या कामाचा मोठा भाग खानदेशात गेला.

साने गुरुजींनी स्वतःचे आयुष्य संपवले. सातवीत हे आपणहून सांगायची गरज नाही. कुणी विचारले तर खोटे बोलू नये. एका वाक्यात खरे सांगावे, कसे ते सांगू नये, 'हळव्या माणसांचे असेच होते' अशी पुस्ती जोडू नये. मन फार जड झाले तर जवळच्या मोठ्या माणसाशी बोलायचे असते आणि टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठीच आहे, एवढे सांगून तो फळ्यावर लिहावा. त्या दिवशी कोण गप्प झाले याकडे लक्ष ठेवावे.

चित्रपट

आचार्य अत्र्यांचा 'श्यामची आई' १९५३ चा, आणि सर्वोत्तम चित्रपटाचे पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक त्यालाच मिळाले. तो पुस्तकाच्या आधी दाखवू नये. एकदा आईची भूमिका करणाऱ्या वनमालाबाईंचा चेहरा डोळ्यांत बसला की मुलांना श्यामची आई स्वतः कल्पता येत नाही. सहाव्या आठवड्यात, वर्गात वाचलेल्या रात्रीतला एकच प्रसंग ८-१० मिनिटे दाखवावा आणि विचारावे : निळा आवाज इथे कुठे गेला? पडद्यावर लहान श्याम दिसतो, पण सांगणारा मोठा श्याम दाखवायला दिग्दर्शकाला काय करावे लागले?

लेखन आणि गुण

'श्यामची आई : मला आवडलेले पुस्तक' हा निबंध देऊ नये. चाळीस वह्यांत एकच निबंध येतो. दोन पर्याय द्यावेत. पहिला, 'त्रेचाळिसावी रात्र' : सुमारे ३०० शब्द, सुरुवातीला चार ओळी कोण जमले आहे त्याच्या, मग 'मी'च्या तोंडून एक प्रसंग. अटी दोन. प्रसंगात चूक सांगणाऱ्याची असावी, दुसऱ्याची नाही. आणि शेवटच्या परिच्छेदात बोध नसावा. दुसऱ्या अटीवर मुले सर्वांत जास्त अडतात, कारण आजवर त्यांनी तात्पर्याशिवाय गोष्ट लिहिलेलीच नसते. दुसरा पर्याय, अठरावी रात्र वडिलांच्या बाजूने. भाजीत मीठ नाही हे कळूनही ते न बोलता जेवले. त्या वेळी त्यांच्या मनात काय होते, हे २०० ते २५० शब्दांत. श्याम वडिलांना 'भाऊ' म्हणतो, ते तसेच ठेवावे.

पंचवीस गुणांची वाटणी अशी चालते : तीन ओळींची वही ५, कर्जाचा तक्ता गटाला ५, लेखकाचा दोन रकान्यांचा तपास ५, लेखन १०. लेखनाच्या दहांत ४ गुण आवाजाला (मोठा आणि लहान सांगणारा वेगळे कळतात का), ३ प्रसंगातल्या बारकाव्यांना, २ अटी पाळण्याला आणि १ शुद्धलेखनाला. शुद्धलेखनाचे गुण वाढवले की मुले छोटी, सुरक्षित वाक्ये लिहितात. वही तपासताना 'न पटलेली गोष्ट' हा रकाना रिकामा सोडणाऱ्याला गुण कापण्याऐवजी एक रात्र पुन्हा वाचायला द्यावी, शक्यतो एकोणतिसावी.

ज्या मुलांना पुढे वाचायचे असेल त्यांना 'श्याम' आणि 'धडपडणारा श्याम' द्यावे. लांब वाचन नको वाटणाऱ्यांसाठी पुतणी सुधाला लिहिलेली 'सुंदर पत्रे' बरी. त्यांतले एक पत्र एका बैठकीत वाचून होते.